मागच्या दाराची कडी

दापोडी,
८ ऑगस्ट २०२३

प्रिय नीला,

आज सकाळपासून बोर्डिंगमधला रविवार आठवतोय. घरी लिहिलेली पत्रं पाकीट न चिकटवता सिस्टरांच्या टेबलावर ठेवायची. त्या चहा पीत सगळी वाचायच्या, मगच ती टपालात जायची. मी आईला लिहिलं होतं, ‘इथे आमटीत डाळ शोधावी लागते.’ सिस्टरांनी ते सगळ्या वर्गापुढे वाचलं आणि मला उभं केलं. तेवढ्यात तूच उठलीस. ‘सिस्टर, आमची पत्रं तुम्ही वाचता. तुम्ही काय वाचता ते कोण बघतं?’

छड्या तुला बसल्या. मी तुझ्या तळहातांना खोबरेल लावत रडत होते, आणि तू म्हणालीस, ‘रडतेस काय, अरू? आमटीचं खरंच लिहिलंस.’

तुझी पाठ आता कशी आहे? आमदारांना बसून राहावं लागतं, उशी घेत जा. मी बरी आहे. निमिष अजून दवाखान्यातच आहे, जबड्याला तारा आहेत. ताक, पेज, सगळं नळीने घेतो. खीर पुढे केली की मान फिरवतो.

चाकणच्या कारखान्यात प्रेसखाली एका कंत्राटी मुलीची बोटं गेली. तेव्हापासून माझा लेक कामगारांना एकत्र करत होता. धमक्या आल्यावर माण गावी मित्राकडे लपून राहिला. हे तुला ठाऊक आहे. परवा तू फोनवर म्हणालीस, ‘निमिषचा फोन कधीच ऐकला गेला नाही, असं सरकारने आमच्या फोन-टॅपिंग देखरेख समितीला लेखी दिलंय. पुरावा नसेल तर मी बैठकीत काय बोलू गं?’ मी म्हटलं, पुरावा नाही. फोनवर दुसरं काय म्हणणार?

नीला, पुरावा आहे.

हल्ला झाला त्या संध्याकाळी मीच निमिषला फोन केला होता. ‘बाळ्या, शेवयांची खीर केलीय. मागच्या दाराने ये, कडी काढून ठेवते.’ तो आला. त्याच्या पाठोपाठ तिघं शिरले. एकाने दार लोटून कडी लावली, अगदी घरच्यासारखी. दुसऱ्याने लोखंडी गज थेट निमिषच्या तोंडावर घातला. दात फरशीवर उडाले. एक माझ्या पावलावर पडला, गरम होता. तिसरा अगदी पोरगा, नुकती मिशी फुटलेला, मोबाईल पुढे धरून हसत होता. त्यातून माझाच आवाज येत होता. ‘बाळ्या, शेवयांची खीर केलीय.’

‘काय गोड बोलतीय म्हातारी!’ तो म्हणाला. ‘बाळ्या, परत लावू का?’

त्याने परत लावलं. गज कोपरावर पडला. हाड मोडल्याचा आवाज आणि माझा आवाज एकदमच ऐकू आले.

तिघं मारून पळाले, असं मी पोलिसांना सांगितलं. पळाले दोघंच.

वेलची कुटायचा बत्ता ओट्यावर होता, आईचा, पितळी. तो मी त्या पोराच्या कानामागे घातला. तो गुडघ्यांवर आला, मोबाईल पिंपाखाली गेला. तिथे थांबायला हवं होतं. ‘आये,’ तो म्हणाला, ‘आये गं.’ मी पुन्हा घातला. कवटी फुटल्याचं हाताला कळलं, तरी पुन्हा घातला. मग त्या दोघांनी त्याला बखोटीला धरून ओढत नेलं. दुसऱ्या दिवशी पेपरात दोन ओळी आल्या: रुळांजवळ तरुणाचा मृतदेह, गाडीतून पडला असावा. फोटो त्याच पोराचा, नाव गणराज. आई गिरजाबाई, आमच्या मागच्याच चाळीत राहते, जालन्याकडून आलेली.

मला कोणी विचारलं नाही, विचारणारही नाही. निमिष मात्र सगळं पाहत होता. बोलता येत नाही, नुसता माझ्या हातांकडे बघत राहतो.

मोबाईलला कुलूप नव्हतं. ‘साहेब’ नावाच्या कुणीतरी पाठवलेली आमच्या सगळ्या फोनांची रेकॉर्डिंगं त्यात आहेत, तारखांसकट. तुझा दिवाळीचा फोनही आहे. ‘कसली देखरेख गं, अरू! बंद पाकिटात आकडे येतात, आम्ही चहा पितो आणि सही करतो.’ तू हसलीस, तेही आहे.

हा मोबाईल तू समितीपुढे ठेवलास तर पहिला प्रश्न येईल, तो त्या बाईकडे कसा आला? त्याचं उत्तर मी देईन. दुसरा प्रश्न तुझ्या हसण्याचा येईल. पवनेत टाकलास तर कुणीच काही विचारणार नाही. पण सोमवारी तुमची बैठक सुरू होईल तेव्हा मी चौकीत जाऊन बसलेली असेन. तू काहीही ठरवलंस तरी.

हे पत्र माझी भाची अबोली आणतेय. सोबतच्या डब्यात शेवयांखाली मोबाईल आहे, तो तुझ्याच हातात द्यायला सांगितलंय. बत्ता धुतलेला नाही, तो मी पोलिसांना देईन. घराची किल्लीही डब्यात आहे, ती निमिषला दे. मागच्या दारावर आता फळ्या ठोकल्यात, त्याला पुढूनच यायला सांग. गणराजच्या हातातलं स्टीलचं कडं ओट्याखाली सापडलं, तेही डब्यात आहे, गिरजाबाईंना दे. मी त्यांच्या दारापर्यंत जाऊन परत आले. शेवटी काय म्हणाला असं त्या विचारतील. सांग, तुम्हालाच हाक मारली.

डब्याशेजारी खोबरेलाची बाटली आहे. ती तुझी, तळहातांसाठी.

तुझी,
अरू