शेवटच्या कडव्यातलं नाव

आप्पा, तुमचं गाणं पिक्चरमध्ये आलं. 'तुमचं' हे सवयीनं लिहून गेले, आता खोडत नाही. राहू गावापासून पाटसपर्यंत सगळे तसंच म्हणतात, आणि तुम्हाला जाऊन बावीस वर्षं झाली तरी कुणी वेगळं म्हटलेलं नाही. शुक्रवारी दुपारी शाळेत दातदुखी सांगून अर्धी रजा टाकली आणि शिरूरला एकटीच जाऊन पाहून आले. दारूबंदीच्या काळातली मुंबई दाखवलीय. बाहेरून सरबताचं दुकान, आत नाचगाण्याचा क्लब, आणि क्लबचा मालक हातभट्टीवर गब्बर झालेला गुंड. सगळे कोट-टाय घालून, आणि सगळे बोलता बोलता रॅप करतात. धाड घालायला आलेला इन्स्पेक्टरसुद्धा तालात धमक्या देतो. तुम्ही पाचव्या मिनिटाला तंबाखू मळत बाहेर गेला असतात. पण मध्यंतरानंतर क्लबातली नाचणारी पोटाला दारू भरलेली टायरची ट्यूब बांधते, वरून साडी नेसते, आणि गरोदर बाईसारखी पोलिसांच्या नाकासमोरून चालत निघते. तेव्हा ती जे म्हणते ते ऐकून तुम्ही धावत आत आला असतात. 'पोटात न्हाई बाळ, बाई, पोटात हाय जाळ.' ओठ तिचे हलतात, आवाज माझा आहे. पन्नाशीची प्राथमिक शिक्षिका रॅप करते, हसायचं तर हसून घ्या.

ती ओळ कुठं जन्मली ते तुम्हाला माहीत होतं, तरी सांगते. राहूचं आपलं स्वयंपाकघर. मी नववीत. आई भाकरी थापतेय, आणि आजी, म्हणजे तुमची आई, भिंतीला टेकून मला सांगतेय की दारूबंदी होती तेव्हा नदीकाठच्या भट्टीची दारू ती ट्यूबमध्ये भरून मुंबईला न्यायची. "ट्यूब पोटाला गुंडाळायची, वरनं लुगडं. दौंडात गाडीत चढलं की बाया सरकून जागा द्यायच्या. कितवा म्हैना, म्हनायच्या. म्या म्हनायची, सातवा." आजी हसत होती. मला मात्र रडू फुटलं, कारण ट्यूबची दारू अंगाला लागून तिच्या पोटावर पडलेले चट्टे मी तिला न्हाऊ घालताना पाहिले होते. आईच्या भाकरीच्या ठेक्यावर मी गणिताच्या वहीच्या मागं लिहायला लागले आणि चार दिवसांत पाच कडवी झाली. शेवटच्या ओळीची सुरुवात तेवढी मोकळी सोडली. तिथं लिहिणाऱ्याचं नाव यायचं, आणि स्वतःचं नाव स्वतःच घालायची मला लाज वाटली. चुकलं ते तिथंच.

नावाचं हे मला तुम्हीच शिकवलं होतं. तुमच्या गायन पार्टीतल्या एकानं दुसऱ्याच्या गाण्यात आपली छाप, म्हणजे आपलं नाव, घातली, तर तुम्ही त्याची खंजिरी काढून घेतली होती. "छाप नसलेलं गानं म्हंजी बिनदाव्याचं जनावर. कुनीबी हाकून न्हेतं. आन् दुसऱ्याची छाप पुसनारा तर चोर." मी दाराआड उभी राहून ऐकलं होतं. तुम्ही साखर कारखान्यातून पहिली पाळी करून आलात, कपड्यांना मळीचा वास, आणि मी वही पुढं केली. तुम्ही उभ्या उभ्या वाचलं. "हे तू लिव्हलं?" मी व्हय म्हटलं. "तुझ्या नावाचं मी बघतो. बसवतो बराबर." त्या दिवशी मी दोन भाकरी जास्त खाल्ल्या.

मग कवठे येमाईला दारूबंदीच्या प्रचाराचा कार्यक्रम झाला. आज मी ज्या शाळेत शिकवते तिच्याच पटांगणात. आई मागं बायांत बसली, मी पार पुढं. तुमचा आवाज कसा लागला होता! हा राग कितीही असला तरी तो आवाज मी नाकारणार नाही. चौथ्या कडव्याला बाया पदर डोळ्याला लावत होत्या. पाचवं आलं. मी मान खाली घातली, कारण नाव आलं की सगळे माझ्याकडं बघतील. आणि तुम्ही तुमचं नाव घेतलंत. अमुक म्हणे, बाई आता ट्यूब सारी फोड. तो अमुक तुम्ही. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, पुढं बसले होते ना.

परतताना टेम्पोत तुम्ही माझ्याकडं न बघता म्हणालात, "न्हाई बसलं गं तुझं नाव. लई परयत्न केला. येक मात्रा कमी पडतीया." आणि सत्कारातली शाल मांडीवर ठेवून नारळ माझ्या हातात दिलात. "ह्यो तुझा." नारळ देणं म्हणजे घरी पाठवणं, हे मला पुढं कळलं. तुम्ही मला चौदाव्या वर्षीच नारळ दिला होता. आईनं दुसऱ्या दिवशी त्याची चटणी केली, मी खाल्ली नाही. त्यानंतर तुम्हाला मी एक ओळ दाखवली नाही, आणि तुम्हीही कधी विचारलं नाही. ते तुम्ही विचारायला हवं होतं.

तुम्ही गेलात तेव्हा पुण्यानुमोदनाला मांडव भरला होता. पार्टीच्या लोकांनी तेच गाणं घेतलं, सगळ्यांनी मागून म्हटलं, शेवटच्या तुमच्या नावासकट. एक म्हातारा माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाला, "काय लिव्हून गेला गं तुझा बाप!" मी हात जोडले. दुसरं काय करणार होते? मेलेल्या माणसाशी भांडायला मांडव ही जागा नव्हे.

गेल्या वर्षी शाळेच्या गॅदरिंगला बायांनी आग्रह केला म्हणून ते गाणं म्हटलं, खंजिरी न घेता, नुसत्या चुटक्यांवर. कुणीतरी मोबाईलवर घेतलं, आणि फिरत फिरत ते मुंबईच्या एका संगीतकारापर्यंत गेलं. त्यानं फोन केला. "मॅडम, ये तो प्युअर हिप-हॉप है." मी म्हटलं, आमच्याकडं ह्याला जलसा म्हणतात. मग त्यानं मला समजावून सांगितलं की रॅपमध्ये गाणारा आपलं नाव गाण्यातच घेतो, अमेरिकेची स्टाईल आहे ती. मी ऐकून घेतलं. हसू दाबताना माझी पुरेवाट झाली.

रेकॉर्डिंगला तो म्हणाला, "लास्ट लाईन में आपका नाम डालिए." आप्पा, छत्तीस वर्षं मी कुणीतरी हे म्हणावं म्हणून थांबले होते. हेडफोन लावला आणि घातलं माझं नाव. ठेका लंगडला. पुन्हा घातलं, पुन्हा लंगडला. सात वेळा म्हटलं. तुमचं नाव पाच मात्रांचं, माझं चार. खरंच एक मात्रा कमी पडते. तुम्ही खोटं बोलला नव्हता. हे कळून बरं वाटायला हवं होतं, पण मला इतका संताप आला की पाणी प्यायला बाहेर गेले. छत्तीस वर्षं तुम्हाला खोटारडे समजून जपलेला राग, आता त्याचं काय करायचं? आणि ते चार मात्रांचं नाव तरी ठेवलं कुणी? तुम्हीच. संगीतकार म्हणाला, नाव मशीनवर ओढून लांब करता येईल. मी म्हटलं, राहू द्या, जुनंच घ्या. आणि आठव्या वेळी तुमचं नाव घेतलं. ते जाऊन बसलं.

पिक्चरमध्ये त्या नावाचं कुणीच नाही. लोकांना एखाद्या बाबाचं नाव वाटलं असेल. शेवटच्या पाट्यांत गीतकार म्हणून मी आहे, पण तोवर थिएटर निम्मं रिकामं झालं होतं. धाकट्या भावाचा फोन आला, "ताई, आप्पांची छाप ठेवलीस, मन मोठं हाय तुझं." मी हो म्हटलं.

आता जे लिहिणार आहे ते त्याला सांगितलेलं नाही. हा कागद कुठं जायचा नाही, म्हणून लिहिते. शुक्रवारी परतीच्या एसटीत खिडकीला डोकं टेकून ती ओळ मनाशी म्हणत होते आणि माझं नाव बसलं. न ओढता, न ताणता. 'म्हणे'च्या तीन मात्रा. तिथं 'म्हणते' घातलं की चार होतात, कमी पडलेली मात्रा भरून निघते. एवढंच होतं. शेवटच्या कडव्यात बोलणारी बाई आहे, एवढं धरून चालायचं होतं. तुम्हाला ते सुचलं नाही, ह्यावर मी तुम्हाला वाटेल ते बोलले असते. पण सात वेळा म्हणूनही मला तरी कुठं सुचलं, आप्पा?