चार बोअरची बंदूक

२९ नोव्हेंबर
निवडणूक संपली. ठाण्यात जमा केलेली बंदूक आज घाटंजीहून घरी आणली. नऊ किलो! जमादारानं दोन्ही हातांनी उचलून देल्ली. म्हणे, सदाशिवराव, हे तोफ कोणाची? म्हटलं, आमच्या आज्याची, आबाजीची. लायसन पिकाच्या राखणीचं, आता माह्या नावावर. चार बोअर. पुऱ्या यवतमाळ जिल्ह्यात दुसरी नसन.
इंदूबाईले समजावून सांगतलं, बोअरचा आकडा जितका लहान, तितकी नळी मोठी. म्हणे, चार मोठा अन् बारा लहान, असा हिशोब तुमच्याच घराण्यात चालते. बायकोसंग शास्त्र बोलू नये.
बारीक अडचण एकच. काडतूस नाही. आबाजी गेल्यापासून नाहीच. संकल्प: पंधरा दिवसांत काडतूस.

५ डिसेंबर
नागपूर. दुकानदारानं पट्टी घालून मोजलं. काडतुसाचं घर सव्वाचार इंच लांब. त्याच्याजवळचं सर्वात लांब काडतूस तीन इंची, तेही बारा बोअरचं. मागून टाकलं त पुढच्या तोंडातून टणकन फरशीवर पडलं. नोकर फिदीफिदी हासला. मालक म्हणे, एवढं लांब काडतूस आता इकडं कोणी बनवत नाही, भिंतीले टांगा. वरून म्हणे, हे त तळ्यावरची बदकं मारायची बंदूक होय. गाढवाले गुळाची चव काय!
एसटीतून उतरलो त फाट्यावर रामधन. तांड्यावरचा. त्याची तीन एकर तूर आपल्या वावराच्या धुऱ्याले लागून हाय. एक एकांडं रानडुक्कर रोज घुसून राह्यलं तिच्यात. चार लोकांत इचारलं, भेटलं का काडतूस? नाही म्हणणार होतो. 'भेटलं' निघालं.

९ डिसेंबर
टपरीवाल्यानं माह्यासाठी खुर्ची पुसली. काडतूस दाखवा म्हणे. म्हटलं, ते खेळणं नोहे. तसं मी खोटं बोललो असं नाही. नागपुरात फोन नंबर देऊन आलो, म्हणजे अर्धं भेटल्यासारखंच. तरी बाजाराच्या दिवशी रामधनले खरं सांगून टाकायचं. पक्कं.

१२ डिसेंबर
बाजारात रामधन दिसला. गर्दी होती. राह्यलं.

१५ डिसेंबर
डुकरानं रामधनची अर्धी तूर लोळवली. म्हणे, भाऊ, मी हाका घालून त्याले बाहेर काढतो, तुम्ही नाल्याच्या तोंडाशी बंदूक घेऊन उभे राहा. म्हटलं, वनखात्याच्या परवानगीशिवाय डुकराले हात लावता येत नाही. कायदा म्हणजे कायदा. कुठं रेंजरचं ऑफिस अन् कुठं रामधन! सहा महिन्यांची निश्चिंती. डोकं लागते याले.

१९ डिसेंबर
चार दिवसांत परवानगी आणली यानं! मजुरी बुडवून, चकरा मारून. कागद माह्या हातात देऊन हासत उभा.
उद्या सकाळी सहाला. प्लॅन तयार हाय. बंदूक पाहूनच जनावर पळते. भरली का रिकामी, ते त्याले काय माहीत? रामधन एकदाच बोलला, भरून आणसान ना भाऊ? म्हटलं, भरूनच. भाला आणू का म्हणे. म्हटलं, कायले? लोखंड वाजते, काठी पुरे.
इंदूबाई म्हणे, काडतूस दाखवा मले. असा खेकसलो की गपचिप चुलीकडं गेली.

२० डिसेंबर
डुक्कर नाल्याकडं आलंच नाही. मागं फिरलं अन् रामधनवर गेलं. तो काठीनं रेटत होता अन् वरडत होता, मारा भाऊ, मारा. वीस पावलं. मी नेम धरला. नऊ किलो खांद्याले लावून हललो नाही. मी पळालो नाही, हे लिहून ठेवणं जरुरी हाय.
रामधनची मांडी फाटली. जीपनं यवतमाळले नेता नेता रस्त्यातच गेला.

२२ डिसेंबर
काडतूस सादळलं होतं, बार झाला नाही, असं सांगतलं. कोणीच बोट दाखवलं नाही. पंचनाम्यात डुक्कर आलं, बंदुकीचं कोणी इचारलंही नाही. टपरीवाला म्हणे, नशिबापुढं कोणाचं चालते! खरं हाय. नशीबच.
जेवण जाऊन नाही राह्यलं. पित्त असन.

२६ डिसेंबर
संकल्प: तांड्यावर भेटायले जाणे. गुडघा दुखते. उद्या.

४ जानेवारी
मानीबाईच आली, रामधनची बायको. रडली नाही. म्हणे, जीपमधी ते सांगत होते, भाऊचा दोष नाही, काडतुसानं दगा देल्ला. मंग म्हणे, राह्यली ती तूर बी जाऊन राह्यली. पोरगा जीवन उद्या हाका घालतो म्हणते. जीवनले एकटा सोडू नका, भाऊ. नवं काडतूस घाला अन् उभे राहा.
हो म्हणायले तोंड उघडलं. निघालं नाही. बंदूक काढली, तिच्यापुढं मधून उघडली. म्हटलं, बाई, यात काहीच नव्हतं. कधीच नव्हतं.
तिनं आत बोटं घालून पाह्यली. पदराले पुसली. अन् हळूच इचारलं, तर मंग भाऊ, तुम्ही तिथं उभे कायले होते?
इंदूबाई दारातच होती, तीही माह्याकडं पाहत होती. मंग मानीबाई गेली.