पान सत्तेचाळीसवरचं तारण

३ तारीख, सकाळी ११.१०
आयुष्य बदललं. नेमकी वेळ लिहून ठेवतोय, पुढे लोक विचारतील. मामांच्या वकिली ऑफिसात झेरॉक्स मशीनमध्ये अडकलेला कागद ओढत होतो आणि ती आत आली. बँकेची अधिकारी. म्हणाली, तुमच्या नाकाला शाई लागलीय. 'तुमच्या' म्हणाली!

५ तारीख
तिचं काम समजून घेतलं. पाणी प्राधिकरण नव्या पाइपलाइनसाठी कर्जरोखे विकणार. घेणाऱ्यांना भरवसा काय? म्हणून ट्रस्ट करार. पाणीपट्टी आधी तिच्या बँकेकडे जाणार, विश्वस्त म्हणून. रोखेवाल्यांचं भागलं की उरेल ते प्राधिकरणाला. मध्ये खुद्द अध्यक्षांनाही हात घालता येत नाही. काय निष्ठा! हे कॉलेजात शिकवलं असतं तर मी सोडलंच नसतं. (दुसऱ्याच सत्रात सोडलं. नंतर शिकवलं असेलही.)

८ तारीख
निश्चय: तिच्याशी बोलायचं. चिडायचं नाही.
दुपारी: शिपाई तिच्यासमोर मला 'झेरॉक्सवाला' म्हणाला. चिडलो. बोलायचं राहिलं. उद्यापासून नक्की.

११ तारीख
लेखीच बरं. करारातलं पान ४७ म्हणजे पाणीपट्टीच्या तारणाचं कलम. तपासताना ती तिथेच जास्त थांबते. कॉम्प्युटरवर तेच पान उघडलं, मजकूर पुसून लिहिलं: 'मी माझे हृदय, आजच्या व पुढील सर्व ठोक्यांसह, कायमचे तुमच्याकडे तारण ठेवत आहे.' सेव्ह केलं. मामा म्हणाले, उद्या प्रती काढशील तेव्हा पान न् पान वाच. म्हटलं, मी काय कुक्कुलं बाळ आहे?

१४ तारीख
सह्यांचा दिवस. आठ प्रती, प्रत्येक पानावर सही. मोठी माणसं मजकूर वाचत नाहीत, मी चिकटवलेली पिवळी चिठ्ठी बघतात. अध्यक्ष तर फोनवर बोलत बोलत उरकत होते. वाचत होती फक्त ती. ४७ वर थांबली. बराच वेळ. मला वाटलं, आजचं थांबणं काही वेगळंच!
मग तिने विचारलं, अध्यक्षसाहेब, हे हृदय आपलं का? ते फोन न सोडता म्हणाले, हो हो, सगळं आमचंच.
मामा पांढरेफटक. पाणीपट्टीचं कलम आठही प्रतींतून गायब. तारणच नाही. उद्याची विक्री लटकली.

संध्याकाळी: आठही पानांवर तिने 'रद्द' लिहून सही केली. मला म्हणाली, अरे, तारणाला काहीतरी उत्पन्न लागतं. आधी कॉलेज पूर्ण कर.
'अरे' म्हणाली.

१५ तारीख
मामा म्हणाले, उद्यापासून येऊ नकोस. म्हटलं, मीच राजीनामा देणार होतो. फक्त एक पान ४७ द्या, तिची सही आहे त्यावर. म्हणाले, रद्द पानंही फाइलीतच राहतात, रोखे फिटेपर्यंत. तीस वर्षं.
ताडकन उठलो. बाहेर पडून दार असं आपटलं की भिंती हादराव्यात. पण त्याला हळू मिटणारी स्प्रिंग आहे. ते आपल्या चालीने येत राहिलं, मी उभा. उरलेल्या फटीतून मामा म्हणाले, नाक पूस, शाई लागलीय.
शेवटी हातानेच ओढून लावलं.