टिटवीचा वैकल्पिक विषय

३ मार्च
आली! दोन बॅगा, एक टेबललॅम्प आणि पुस्तकं इतकी की रिक्षावाला मला म्हणाला, "काका, दुकान टाकताय का?" टिटवी — माझी नात. तान्ही असताना रडायला लागली की अख्खी गल्ली उठून बसायची, म्हणून हिच्या आजीने ठेवलेलं नाव. सनदी अधिकाऱ्यांची परीक्षा देतेय. दोनदा हुकली. वयाच्या अटीमुळे यंदाची संधी शेवटची. घरी पाहुण्यांचा राबता, म्हणून अभ्यासाला माझ्याकडे. माझ्याकडे शांतता भरपूर — विकायला काढली तरी संपायची नाही.

४ मार्च
मागच्या खोलीत भिंतीवर अभ्यासक्रम चिकटवलाय. मला उभं करून समजावला. आधी पूर्वपरीक्षा : चार पर्यायांतून एक निवडायचा. तिथे तरलं की मुख्य परीक्षा : निबंध, सामान्य अध्ययनाचे पेपर, आणि एक वैकल्पिक विषय, आपल्या पसंतीचा. शेवटी मुलाखत. इतिहास, राज्यघटना, शेती, अर्थकारण, नीतिशास्त्र… वाचतानाच मला धाप लागली. पाणीपुरवठ्याच्या कचेरीत साहेबांच्या टेबलावर फाइली ठेवण्यात माझा जन्म गेला. साहेबाला एवढं सगळं येत असतं हे ठाऊक असतं तर जरा अदबीने ठेवल्या असत्या!

वैकल्पिक विषयांत मधेच एक शब्द होता — साहित्य. माझी नजर तिथून हलेना. पण तिची पदवी भूगर्भशास्त्राची. बोललो नाही.

११ मार्च
तिच्यासोबत सराव पेपर सोडवला, गंमत म्हणून. एकही प्रश्न सोडला नाही. कोरी जागा म्हणजे गुरुजींचा अपमान, हे हाडीमाशी खिळलेलं. तपासून टिटवी खुर्चीतून पडायची बाकी होती. "आजोबा, शून्याच्याही खाली गेलात! चुकलं की मार्क कापतात. येत नसेल त्याला हात लावायचा नाही."
आम्हाला निदान प्रयत्नाचा एक मार्क मिळायचा. आता प्रयत्नालाच दंड.

२ जुलै
पूर्वपरीक्षा पास!! शेजारच्या शिंपीणबाईंना उगाच दोनदा सांगून आलो.

९ जुलै
संध्याकाळी टिटवी माझ्या कपाटातलं जुनं शालेय वाचन-पुस्तक घेऊन आली. मुखपृष्ठ नाही, पानं शेवग्याच्या पाल्यासारखी गळतात. म्हणाली, "यातल्या कविता शिकवता का? रोज एक तास." कशाला, असं विचारलंसुद्धा नाही. विचारायचं काय त्यात! साहित्य घेतलं पोरीने.

१० जुलै
नावाड्याची कविता. "नाव हले, काठ हले, हलतो कुठे नावाडी" — म्हणता म्हणता वर्ग दिसायला लागला. खिडकीतून येणारा उन्हाचा पट्टा, फळ्याचा ओला वास, गुरुजींचा चढलेला सूर. हिची आजी गेल्यापासून मोठ्याने कविता म्हटली नव्हती. मी म्हणायचो तेव्हा ती दारात उभी राहून ऐकायची, आणि ऐन रंगात आलं की — "अहो, दूध उतू गेलं." आज उगाच दाराकडे बघत होतो.

२१ जुलै
टिटवी म्हणते, मुख्य परीक्षेत दीडशे शब्दांत उत्तर. दीडशे! माझा नावाडी तेवढ्यात काठावरून होडीत पाय ठेवत नाही. मी आपला वल्ह्यांच्या आवाजावरच अडकलो, आणि तीही गालावर हात ठेवून ऐकत राहिली. वही उघडलीच नाही तिने. नंतर मनात खुट्ट झालं. परीक्षेचा अभ्यास असा असतो का?

३० जुलै
मुलाचा, टिटवीच्या बापाचा, फोन. मी कौतुकाने सांगून टाकलं, की साहित्य घेतलंय तिने, मी शिकवतोय. तो म्हणाला, "बाबा, पाच वर्षं खडक शिकली ती. कविता कधीपासून? तुम्हाला बरं वाटावं म्हणून घेतली असणार. तुम्हाला माहितेय ना ती कशी आहे."
"अरे पण तिला आवडतात—"
"आवडतात! शेवटची संधी आहे बाबा. मी तिला काही विचारत नाही, माझ्यावर खेकसते. तुम्हीच बोला. मुख्य परीक्षेच्या अर्जाची मुदत शुक्रवारी संपते, तोवर विषय बदलता येतो."

३१ जुलै
बोललो नाही. आज विहिरीची कविता होती. इतकी छान वाचली तिने.

१ ऑगस्ट
आजही नाही. तोंड उघडलं आणि म्हणालो, "चहा टाकू का?"
खरं सांगायचं तर मला हा तास हवाय. दुपारी चारपासून घड्याळाकडे बघतो. म्हातारा माणूस दुसऱ्या कशाची वाट बघणार? ती पास झाली तर जाणारच कुठेतरी लांब, गाडी, बंगला, शिपाई. नापास झाली तरी जाणारच. माझ्या वाट्याला एवढीच संध्याकाळ. आणि तीसुद्धा तिच्या आयुष्यातून कापून घेतलेली असेल तर?

उद्या शुक्रवार. उद्या सांगायचंच.

२ ऑगस्ट
सकाळीच सांगितलं. ती दात घासत होती तेव्हाच. धीर सुटायच्या आत. "साहित्य सोड. भूगर्भशास्त्र घे. मला वाईट वाटणार नाही." शेवटचं वाक्य पाठ करून गेलो होतो, ते नळाकडे बघत म्हटलं.
टिटवीने चूळ भरली. माझ्याकडे बघतच राहिली. "आजोबा, अर्ज तर मी निकालाच्या दुसऱ्याच दिवशी भरला. भूगर्भशास्त्रच घेतलंय."
"मग हा रोजचा तास?"
"दिवसभर सगळं मार्कांसाठी वाचते हो. तेवढा एकच तास बिनमार्कांचा होता." मग टॉवेलात तोंड खुपसून, "बंद करताय का?"