आक्काकडचा घास

विमल सूनबाई,

येसाजीच्या गाडीने खालापूरला निघालो आहे. भाऊबीजेला ओवाळून झालं की आक्का करंजी भरवते. मधुमेहाचं पथ्य सांगितलं की विचारते, "सून उपाशी ठेवते काय रं तुला?" बहिणीचा घास तर नाकारता येत नाही.

ही अडचण मी न सांगताच तू ओळखलीस, आणि तीळ-दाणे कुटून बिनगुळाचे लाडू डब्यात भरलेस. आज आक्का तेच भरवील. सुनेची हुशारी तोंडावर वाखाणायची आपल्यात रीत नाही, म्हणून ही चिठ्ठी.

एक आताच चाखला. गोडाची आठवण येते, खोटं कशाला बोलू?

येसाजी ओरडतोय, "आबा, येता का नाय?"

आक्काने टोमणा मारलाच, तर पहिला लाडू मीच तिच्या तोंडात घालीन. तोंड भरलेलं असेतो तरी तुला नावं ठेवणार नाही.

— आबा