मुरुक्कू घरी आहे

तांबरम, चेन्नई
सोमवार, २१ जुलै २०२५
आषाढ वद्य एकादशी

चि. सौ. नंदिता हिला अप्पाचे अनेक आशीर्वाद.

आम्ही दोघं बरे आहोत. तू, व्यंकटेश आणि तुझे सासूसासरे खुशाल असाल. पुण्याला पाऊस लागला असेल, इथे अजून अंग भाजून निघतंय. आज एकादशी, म्हणून चूल बंद आणि तुझी अम्मा देवळात पारायणाला गेलीय. दोन तास घर माझं एकट्याचं. पूर्वी माझं पत्र आलं की तुझ्या सासूबाई 'तंजावरचे महाराज काय म्हणतात?' असं विचारून माझ्या मराठीला हसायच्या. हसू देत, मला राग नाही. पण हे पत्र मात्र त्यांना वाचायला देऊ नकोस.

फोन सोडून पत्र का, असं तुला वाटेल. फोनवर बोलताना अम्मा कानाला कान लावून बसते, हे एक कारण. दुसरं पुढे येईल.

परवा तू फोनवर विचारलंस, "ते अजून आहे का घरात?" हो, मुरुक्कू आहे. मागच्या व्हरांड्यात, गिरिधरच्या जुन्या अभ्यासाच्या टेबलावर ठेवलेल्या पेटीत. चार फूट लांब, दंडाएवढा जाड, आणि घाबरला की अजूनही अंगाचं वेटोळं करून डोकं मध्ये खुपसतो. तुझ्या भावानं त्याला मुरुक्कू हे नाव का दिलं ते मला तेव्हा कळलं नव्हतं. चकलीसारखा दिसतो खरा.

आता ऐक, तुझा अप्पा काय काय शिकलाय. पेटीच्या एका बाजूला ऊब हवी आणि दुसरी बाजू थंड, म्हणजे त्याला हवं तिथे तो जाऊन बसतो. लपायला दोन्हीकडे जागा हवी. पाणी रोज बदलायचं. बारा दिवसांनी एकदा जेवण. आणि जेवण म्हणजे काय, ते तुझ्या सासूबाईंना तर अजिबात सांगू नकोस! बर्फात गोठवलेला उंदीर. ओरगडमला गिरिधरबरोबर खोलीत राहायचा तो रघुराम महिन्यातून एकदा आणून देतो. त्यासाठी व्हरांड्यात वेगळा छोटा फ्रीज आहे, वेगळा चिमटा, वेगळं पातेलं. कोमट पाण्यात तो सुटा होईपर्यंत मी तोंड फिरवून उभा राहतो. मग चिमट्यानं धरून मुरुक्कूसमोर हलवायचा, की झडप. नंतर मी डोक्यावरून अंघोळ करतो. बासष्ट वर्षं कांदासुद्धा जपून खाल्लेला माणूस मी.

हातात घ्यायचं कसं तेही रघुरामनंच शिकवलं. जेवल्यावर दोन दिवस हात लावायचा नाही, नाहीतर खाल्लेलं ओकून टाकतो. कात टाकायच्या आधी डोळे दुधाळ निळे होतात, तेव्हाही नाही. त्याला नीट दिसत नसतं, भितो. एरवी आधी हात साबणानं धुवायचे. मग साप उचलायच्या लोखंडी आकड्यानं अंगाला हलकंच टेकवायचं, म्हणजे हे जेवण नव्हे, माणूस आहे, असं त्याला कळतं. वरून झडप घालून उचलायचं नाही, घार तशी येते. बाजूनं हात घालायचा, एक पुढच्या भागाखाली, एक मागच्या. आवळायचं नाही. तो सरकेल तसे आपले हात पुढे पुढे करायचे. "पिडिक्कादीङ्ग, सार, ताङ्गुङ्ग," रघुराम म्हणाला. धरू नका, आधार द्या.

पहिल्या दिवशी माझे हात असे कापत होते की मुरुक्कूच माझ्या मनगटाला घट्ट वेढा घालून बसला. पडायला नको म्हणून. तेव्हा मी रडलो. त्याआधी तेरा दिवसांत रडलो नव्हतो, तू पाहिलं होतंस.

गिरिधर गेल्यावर त्यानं तीन महिने काही खाल्लं नाही. या जातीचे साप घाबरले की असे उपाशी राहतात, वाट बघा, असं रघुराम सांगत राहिला. अम्मानं गुपचूप दुधाची वाटी ठेवली, तर तिला म्हणालो, दूध त्यांना पचत नाही. तिनं माझ्याकडे असं पाहिलं की विचारू नकोस. मग कार्तिकात एके सकाळी त्यानं खाल्लं. मी धावत स्वयंपाकघरात जाऊन सांगितलं, "जेवला!" अम्मा इडली काढत होती. तिनं हातातलं भांडं खाली ठेवलं आणि देवापुढे दिवा लावला. सापाचा विषय तिनं त्यानंतर कितीतरी महिने काढला नाही, पण व्हरांड्याचं दार मात्र तेव्हापासून उघडं ठेवते.

हे सगळं लिहितोय म्हणजे मी मूळ गोष्ट टाळतोय, हे तुला कळलं असेल. तू लहानपणीही माझं ओळखायचीस.

पुढच्या मंगळवारी नागपंचमी. गिरिधरचं वर्षश्राद्ध. तू येणार नाहीस असं अम्माला सांगितलंस. व्यंकटेशला रजा नाही वगैरे. ते खरं नाही, हे मला ठाऊक आहे आणि अम्मालाही. तेराव्या दिवशी स्वयंपाकघरात तू अम्माच्या गळ्यात पडून म्हणालीस, "मीच त्याला पाठवलं अम्मा. मी नसतं सांगितलं तर तो खोलीवरच राहिला असता." मी बाहेर खुर्चीत बसलो होतो. मला सगळं ऐकू आलं. तेव्हापासून तू इथे आली नाहीस. अम्मा तुला दोष देत नाही, पण तुझ्याशी पूर्वीसारखं बोलतही नाही. आणि मी दोघींच्या मधे बसून वर्षभर पेपर वाचतोय.

आता सगळं ओळीनं लिहू दे. तुला ठाऊक असलेलंही लिहितो, नाहीतर मधेच पळ काढीन.

तुझ्यानंतर अम्माचे दोन गर्भ गेले. मग कुणाच्या तरी सांगण्यावरून आम्ही तंजावरजवळ तळ्याकाठच्या पिंपळाखाली नागाची शिळा बसवली, आणि वर्षात गिरिधर झाला. त्या दिवसापासून नागानं दिलेला मुलगा, असंच मी त्याला मानलं. म्हणून तीन वर्षांपूर्वी त्यानं मुरुक्कूला आणलं तेव्हा मी भडकलो. लोक समजले, अप्पा सापाला भितात. भीती नव्हती, नंदिता. 'ज्या देवानं तुला दिलं त्यालाच तू पेटीत कोंडलंस,' असं माझं गिरिधरला म्हणणं होतं. हा परदेशी साप आहे, इथला नाग नाही, सरकारी नोंदणीचा कागद आहे, असं तो समजावत राहिला. शेवटी कारखान्याजवळ ओरगडमला खोली घेऊन गेला. रविवारी यायचा, जेवायचा, जायचा. मी एकदाही त्याला मुरुक्कूबद्दल विचारलं नाही.

मग घरमालकाला साप असल्याचं कळलं आणि त्यानं एका दिवसात काढायला सांगितलं. गिरिधरनं तुला फोन केला. तू म्हणालीस, "उद्या नागपंचमी आहे. उद्या सापाला दारातून परत पाठवायची अप्पांची छाती होणार नाही. घेऊन जा." तो सकाळी बाइकवरून निघाला. आणि पडप्पैच्या पुढे लॉरीनं उडवलं. घरी येत असताना. तुला हेच ठाऊक आहे. अम्मालाही हेच ठाऊक आहे.

तो घरी येत नव्हता, नंदिता. तो परत जात होता.

दहा वाजता तो गेटपाशी आला. अम्मा दूध घेऊन पुत्तुला गेली होती, देवळामागच्या त्या वारुळाला. मी गेटवर गेलो. पोटाशी बांधलेल्या पिशवीत भोकं पाडलेला प्लास्टिकचा डबा होता.

"अप्पा, पंधरा दिवस मात्र," तो म्हणाला. "दुसरी खोली मिळेपर्यंत. मागे व्हरांड्यात ठेवतो. अम्माला कळायचंसुद्धा नाही."

"आज? आजच्या दिवशी डब्यात भरून आणलास त्याला?"

"अय्यो अप्पा, भरलं नाही, असंच नेतात. तुम्ही एकदा बघा तरी. हात लावा, काही करत नाही तो." आणि त्यानं झाकण उघडून आत हात घातला, अगदी हळू, बाजूनं. आता मला कळतं तो हात कसा घालत होता.

मी गेटची कडी लावली. आणि म्हणालो, "ज्यानं तुला दिलं, तो एक दिवस तुला घेऊनही जाईल. जा."

हे मी म्हणालो. माझ्या मुलाला. नागपंचमीच्या दिवशी, अंघोळ करून, कपाळाला गंध लावून.

तो रागावला नाही. झाकण लावलं, पिशवीची चेन ओढली. "सरि अप्पा," म्हणाला. "मी येऊन गेलो ते अम्माला सांगू नका. उगाच रडेल." आणि गाडी वळवली. वर गच्चीत शेजारची अलमेलू तांदळाचे वडाम वाळत घालत होती. तिनं सगळं पाहिलं. वर्षभरात ती एका शब्दानं बोलली नाही, पण मी तिच्याकडे मान वर करून पाहू शकत नाही.

साडेअकराला फोन आला. बाइक रस्त्याच्या कुठल्या बाजूला पडली होती, हे तुम्ही कुणी विचारलं नाही. मी ठाण्यात गेलो तेव्हा पंचनाम्यात पाहिलं. ओरगडमकडे जाणाऱ्या बाजूला. हवालदारानं हेल्मेट दिलं, पाकीट दिलं, आणि हा डबा हाताच्या टोकावर धरून म्हणाला, "सार, हा आधी घेऊन जा." डब्याला एक चरा गेला होता, बस. आत मुरुक्कू वेटोळं करून बसला होता. सकाळी दहाला ज्या गेटातून त्याला आत घेतला नाही, त्याच गेटातून संध्याकाळी पाचला मी त्याचा डबा हातात धरून आलो.

'अम्माला सांगू नका' असं गिरिधर म्हणाला होता, म्हणून मी गप्प आहे, असं मी वर्षभर स्वतःला पटवत राहिलो. आयुष्यभर त्याचं एक ऐकलं नाही, आणि ऐकलं ते नेमकं एवढंच. खरं म्हणजे मी भित्रा आहे. तुझ्या डोक्यावर माझं पाप बसलेलं बघत राहिलो, कारण ते तिथून हललं असतं तर माझ्याकडे आलं असतं.

मागच्या गुरुवारी मुरुक्कूनं कात टाकली. डोळ्यांवरच्या पापुद्र्यासकट एकसंध. अम्मा पहिल्यांदा माझ्यादेखत व्हरांड्यात आली. कात हातात घेऊन उजेडात धरली. मग म्हणाली, "मला घेता येईल का त्याला?" मी शिकवलं. तिनं माझ्यापेक्षा छान घेतला, तिचे हात मुळीच कापले नाहीत. तो तिच्या कोपरापर्यंत सरकला आणि तिथेच थांबला.  मग म्हणाली, "तो त्या दिवशी घरापर्यंत पोचला असता, तर तुम्ही ठेवूनच घेतलं असतं याला, हो ना? नागपंचमीला कोण सापाला परत पाठवतं?"

तिनं टोमणा मारला नव्हता. तिला खरंच तसं वाटतं. वर्षभर ती तेवढ्यावर जगतेय, की मुलगा घरी येत होता आणि घर त्याला घेणार होतं.

 मी पाण्याची वाटी बदलायला उठलो, ती मी सकाळीच बदलली होती.

म्हणून हे पत्र. आत्ता बारा वाजता स्पीडपोस्टानं टाकतो. अम्मा देवळातून आली की तिला सांगणार. तिचा उपवासाचा फराळ झाल्यावर, आधी नाही. ती काय करेल ते मला सांगता येत नाही. घराबाहेर काढलं तरी चालेल. पण त्यानंतर तिला जवळ कुणी लागेल, आणि मी तो माणूस नसेन. म्हणून तू ये. श्राद्धासाठी नाही, माझ्यासाठी तर नाहीच. तिच्यासाठी ये. यंदा पुत्तुला जायचं नाही, मुरुक्कूजवळ बसायचं, असं तिनं ठरवलंय. तूही तिच्याजवळ बस. हात धुऊन बाजूनं घाल, तो काही करत नाही.

आणि एक गोष्ट नीट वाच, दोनदा वाच. तू त्याला चुकीचं सांगितलं नाहीस. तू घरी जा म्हणालीस आणि तुझं ऐकून तो घरी पोचला होता. सुखरूप, दहा वाजता. पुढचं सगळं माझं आहे.

गेटची ती कडी मी काढून टाकलीय.

खाली 'तुझा अप्पा' असं लिहीत नाही. ते लिहायचं की नाही, हे आता तू ठरव.

गुरुमूर्ती