आता इथे दोघी आहोत

प्रिय आई,

तुला आणि बाबांना लेकीचा नमस्कार. बाबांचा गुडघा कसा आहे? त्यांना उगाच जिना चढू देऊ नकोस.

मागच्या महिन्यात फोनवर रडले, नोकरी सोडून येते म्हणाले, तेव्हापासून तुझ्या जिवाला घोर लागला असेल. कामाला कंटाळले नव्हते गं. या डोंगरात मी एकटीच डॉक्टर, अडलं तर विचारायला कुणी नाही, त्याची धास्ती होती. बाळंतपणात अडलेल्या एका बाईला, इथे भूल द्यायला कुणी नाही म्हणून, शहरात पाठवलं, ती वाटेतच गेली. तेव्हा तुला हे सांगवलं नाही.

आता चांगलं ऐक. दवाखान्यात भूल देणाऱ्या डॉक्टर आल्यात. माझ्याहून मोठ्या, आवाज खणखणीत. त्यांच्या यजमानांना इथल्याच शाळेत नोकरी मिळाली आहे, म्हणजे बाई टिकतील!

परवा सकाळी पुन्हा तशीच एक बाई आली. मी तिला शहरात न्यायला गाडी बोलवायला निघाले. डॉक्टरबाई म्हणाल्या, "पाठवायचं कशाला? भूल मी देते, तू ऑपरेशन कर."

मुलगी झाली. तिने असं भोकाड पसरलं की बाहेर तिचे आजोबाही रडायला लागले.

"आता खोलीवर जा आणि झोप," डॉक्टरबाई मला म्हणाल्या. "मी आहे इथे."

इथे आल्यापासून हे मला कुणी म्हटलं नव्हतं. दुपारभर मेल्यासारखी झोपले.

रविवारी घरी येते आहे. बॅग बघून बाबांना वाटेल, कायमची आली. त्यांना आधीच सांग, आठ दिवसांची रजा आहे. नंतर मला इथे परत यायचंय.

तुझीच,
थोरली